टिक आवाज येईपर्यंत

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालायचा तर गुडघे ऐकत नाहीत, तेव्हा वाकलोय असं समज. इकडे सगळे बरे. तुझ्या भावजयीने स्वयंपाकघराला नवा रंग दिलाय. कोणता ते विचारू नकोस, तिलाही आता सांगता येत नाही. धाकटीची परीक्षा झाली. पेपर सोपे गेले म्हणते, म्हणजे काळजीच आहे.

फोन न करता पत्र का, हे तुला कळेलच. फोनवर मी ओरडायचं आणि तू 'हो हो, सगळे मजेत' म्हणायचं, एवढंच आपलं बोलणं. परवा मी विचारलं, 'कानाच्या डॉक्टरकडे गेलीस का?' हो हो, सगळे मजेत.

तर मुद्द्याचं. ते पाणी गळल्याचं प्रकरण तुझ्या कानावर आलंच असेल. (कानावर! भाषासुद्धा कशी वैऱ्यासारखी वागते बघ.) ग्राहकाच्या खोलीत आपल्या कारखान्याचं, कॉम्प्युटर गार ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्यांचं एक कपाट गळलं, खालची कॉम्प्युटरची यंत्रं भिजून बंद पडली. उघडून पाहिलं तर नळीचा एक जोड अर्धाच बसलेला. आणि त्या कपाटावर जोडणारीचा शिक्का तुझा.

तू जुन्या कपाटांना शिव्या घालायचीस ते आठवतं? नळ्या पंख्यांसमोर लोंबायच्या, दार उघडलं की आतडी बाहेर आल्यासारखं दिसायचं. हवा अडायची, यंत्रं तापायची आणि प्रत्येक जोडाला पाना फिरवून तुझं मनगट सुजायचं. 'वर बसून चित्रं काढणाऱ्या शहाण्यांना एक दिवस खाली जोडायला बसवा,' असं तू माझ्याच ताटात भाजी वाढत म्हणाली होतीस. मी मनावर घेतलं. नळ्या बाजूच्या पत्र्यामागे नेल्या, पाना काढूनच टाकला. पत्र्यामागे हात घालायचा, दाबायचं, टिक आवाज आला की जोड बसला. हवा मोकळी, मनगट मोकळं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. हे साहेब आयुष्यभर यंत्रं गार ठेवण्याचा धंदा करतात आणि स्वतः कायम तापलेले असतात.

फक्त एक झालं. पत्र्यामागचा जोड दिसत नाही. सूचनेच्या तक्त्यावर मीच लिहिलं, 'टिक आवाज येईपर्यंत दाबा.' तेव्हा तुझे कान मला आठवले नाहीत असं नाही. पंख्यांच्या चाचणीखोलीत तू जी वर्षं काढलीस तिथे माणसं हातवारे करूनच बोलायची, हे मला माहीत आहे. पण तू म्हणालीस, 'अरे, बोटाला कळतं,' आणि मी सुटलो.

मग गेल्या महिन्यात भोंग्याने ते जाड हातमोजे सक्तीचे केले. (भोंगा बिचारा वाईट नाही. ज्याचं बोलणं तुला अजून स्वच्छ ऐकू येतं असा तो कारखान्यातला एकमेव सुपरवायझर.) तू जिन्यात मला गाठून हातमोजा दाखवलास. 'यातून काही कळत नाही रे.' मी 'बघतो' म्हणालो. आमच्या मजल्यावर 'बघतो' म्हणजे काय, ते तुला ठाऊक आहे.

बुधवारी बैठक झाली. साहेब, भोंगा, ग्राहकाकडचे दोघे आणि मी. साहेबांनी टेबलावर एक जोड दाबून दाखवला. टिक. 'येतो की नाही आवाज?'

'येतो,' भोंगा म्हणाला.

'मग तुमच्या लाइनवरच्या बायकांना ऐकू येत नाही का?'

सगळे हसले. तो प्रश्न नव्हता गं, नुसतं खेकसणं होतं. उत्तर कुणी मागितलं नव्हतं. आणि मी म्हणालो, 'नाही. हिला येत नाही.'

मला वाटलं, मी तुझी बाजू घेतोय. निष्काळजीपणा नाही, हे सांगतोय. पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, की नुसत्या आवाजावर विसंबणारं डिझाइनच चूक आहे. पण त्याआधी भोंगा बोलला, 'म्हणजे डिझाइन ठीक आहे तर.' साहेबांचा चेहरा खुलला. ग्राहकाकडच्यांनी माना डोलावल्या. मी ते वाक्य गिळलं.

सोमवारी तुला कानांच्या तपासणीला बोलावतील. आजवर ओठ वाचून निभावलंस, तसं तिथे होणार नाही. हेडफोन घालतात आणि समोर कुणी बसत नाही. त्यानंतर तुला लाइनवर ठेवणार नाहीत. 'दुसरीकडे कुठेतरी सामावून घेऊ,' असं ठरलं. ते ठरताना कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. 'इथली कपाटं मी जोडते' हे तू शेजारणींना ज्या तोऱ्यात सांगतेस, तो मी पाहिलाय. म्हणून हे आधी माझ्याकडून कळावं.

काल मी एक चित्र काढून नेलं. बाजूच्या पत्र्याला बोटभर खिडकी. जोड बसला की तिच्यात लाल कडी दिसते. कान नकोत, बोट नको. थोडी हवा निसटते, म्हणून मीच ती पहिल्या वेळी गाळली होती. साहेब म्हणाले, 'सुंदर. पण आत्ता बदललं तर आपण चूक कबूल केल्यासारखं होईल. आधी त्या बाईचं निपटू दे.' मी चित्राची घडी करून परत आणलं.

एक राहिलं. पत्र इथेच संपवणार होतो. पाकीट शोधायला दोनदा उठलोही.

बैठकीत साहेबांनी मला विचारलं होतं, 'तुम्हाला हिचं कसं माहीत? ओळखीची आहे?'

नातं कुणाला कळू द्यायचं नाही, ही तुझीच अट होती. 'वशिल्याची म्हणतील,' म्हणाली होतीस. तीच अट पाळली असं मला म्हणता येईल. दोन दिवस मी स्वतःला तेच सांगतोय. पण ताई, त्या क्षणी तुझी अट माझ्या मनातसुद्धा नव्हती. मी घाबरलो होतो, एवढंच. म्हणालो, 'नाही हो. लाइनवरची कोणी बाई आहे.'

पत्र उद्या सकाळी धाकटीच्या हाती पाठवतो. परवा रविवारी येतो. बेल वाजवीन. दार उघडलं नाहीस तर तुला ऐकू आलं नाही, की मी आलोय म्हणून उघडलं नाहीस, हे मला बाहेरून कळणार नाही. जिन्यात थोडा थांबेन, मग जाईन.

कारखान्यात तुझा कोणी नसलेला,
भाऊ