म्हशीचे पुनरागमन

मंगळवार, १२ मार्च १९६८

शेजारच्या आक्कांच्या म्हशीच्या शेणाविरुद्ध नगरपालिकेत अर्ज केला तो मीच. आक्कांना ठाऊक नाही. दुर्गंधी खरोखर असह्य होती काय, की 'नासिकापीडक' हा स्वरचित समास अधिकाऱ्यांपुढे मिरवायचा होता? पालिकेने समासाचा यथोचित सन्मान केला. आक्कांचे घर जिच्या दुधावर चालते, ती म्हैस गेल्या आठवड्यात नियमानुसार गावाबाहेर गेली.

आज सायंकाळी ती दावे तोडून परतली आणि थेट माझ्या दारी उभी राहिली. रोजची शिळी भाकरी मीच देत असे ना.

मागून आलेल्या आक्का हसल्या. "लई जीव हाय की तिचा तुमच्यावर, मास्तर. आता तुम्हीच पालिकेला चार शब्द लिवा. तुमचा शब्द कोण मोडतंय?"

"अवश्य," मी म्हणालो. म्हैस माझा उजवा हात चाटत होती. अर्ज लिहिला तो याच हाताने.