विळ्याच्या आकाराचं रक्त

धडगाव, ३ नोव्हेंबर १९३८
आलो एकदाचा! घाटात घोडं धापा टाकत होतं, मी नाही. हवा झकास. काम असं: डोंगरातली माणसं इतकी पांढरीफटक का, हे बोटाचं रक्त काढून शोधायचं. शोधायचं काय त्यात? मोहाची दारू आणि आळस, दुसरं काय! कंपाउंडर लोटन रनाळ्याचा. कामाला बरा, पण तोंडाचा पट्टा थांबत नाही.

७ नोव्हेंबर
मोलगीच्या बाजारात सुई पाहून बाप्ये पळाले. शूर लोक! रमिलाबाई नावाची बाई पोरीला, कोकिळाला, पाठीवर घेऊन आली. पोरीची हाडं दुखतात म्हणे. तिचं रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि उडालोच! गोल पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या. अमेरिकेतल्या आफ्रिकी लोकांत असं सापडल्याचं वाचलं होतं. आता माझं नाव होणार. मुक्काम रमिलाबाईच्या पाड्यावर हलवला.

१२ नोव्हेंबर
पाड्यावर घराघरांत विळे. दारूनं नव्हे, आईबापाकडूनच उतरतात. म्हणजे रक्तच हलकं! तुलनेला लोटनचं पाहिलं, माझंही. गोल, चोख. कोकिळाचं रोज काढतो. पुरे कर, असं तिची आई विनवते. तिला काय कळतंय डोंबल! पोर कण्हते, पण कण्हायची सवयच या लोकांना.

१६ नोव्हेंबर
कोकिळा गेली. माझ्यामुळे नव्हे. रमिलाबाई रडली नाही, माझ्या हातांकडे बघत बसली. गावचा पुजारा रेवजी येऊन सांगून गेला, की इथं दुसऱ्याचं रक्त काढणाऱ्यानं दिवस मावळायच्या आत स्वतःचा थेंब, ज्याचं काढलं त्याच्या अंगणात टाकायचा असतो. नाहीतर ते रक्त काढणाऱ्याच्या अंगात शिरतं. काय एकेक खुळं!

१८ नोव्हेंबर
गुडघे ठणकतात. थंडीच असणार. लोटन मागे लागलाय, "साहेब, एक थेंब टाकी द्या ना, तुमनं काय जास?" हाकलला गाढवाला.

१९ नोव्हेंबर
माझं बोट टोचलं. काचेवर विळे. काच बदलली. विळे. लोटनचं पुन्हा पाहिलं, गोलच. मग माझंच कसं — या लोकांचं रक्त, माझ्यात —

२० नोव्हेंबर
हाडं फुटतायत. लोटननं धरून अंगणात नेलं. टाकला थेंब. रमिलाबाईनं तो मातीसकट उचलला, निरखला. म्हणाली, हे माझ्या कोकिळाचं. आलं घरी. आता तुझं टाक.
दुसरं बोट टोचलं. तेही तिचंच, म्हणते. तिसरं — तळहात — देवा, मनगट — सगळं तिचंच निघतंय — ती पदर पसरून बसलीय — माझं कुठे —