काळं सूप आणि आखूड खांब

ती. रेगिनाताई,

धाकट्या सेवेरिनचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा खोकला आणि तुमची ती चावरी शेळी, तिघंही बरे असतील अशी आशा आहे. मी ठणठणीत आहे. पत्राचं कारण एवढंच, की खांब सरळ रोवायला भाऊजींचा ओळंबा थोडे दिवस हवा आहे.

ओळंबा कशाला, तर माझ्या आणि शेजारच्या लुद्विकाबाईंच्या परसामधल्या कुंपणाचा मधला खांब बुडाशी कुजून आडवा झाला. बाबांनी रोवलेला, तोच. (बाबांच्या हातचं काही पडत नाही, असं तू म्हणायचीस. पडलं. माझ्या बटाट्यांवर पडलं.) त्या भगदाडातून बाईंची बदकं माझ्या कोबीत शिरली आणि बदकांमागे बाई. मी बदकं हाकायला धावलो आणि चिखलात सपशेल बसलो. बाई पोट धरून हसल्या. कोबीचं वाटोळं झालं. पण खरं सांगू ताई, माझी बायको हान्का देवाघरी गेल्यापासून या परसात कुणी हसलंच नव्हतं. मला फार बरं वाटलं.

मग मी नवा ओकचा खांब आणला. जुना बुंधा उपसताना फावड्याचा दांडा मोडला, कारण बाबांनी खड्ड्यात दगड असे ठासलेले, की जणू खाली खजिना पुरलाय. (नाही. मी बघितलं.) नव्या खांबाचं बूड कुजू नये म्हणून बाबा ते आधी विस्तवावर काळं करून घ्यायचे, आठवतं? मीही शेकोटी पेटवली, बूड आत सरकवलं, आणि नेमक्या बाई गप्पांना आल्या. दिवंगत नवऱ्याच्या घोरण्यापासून विषय निघाला तो लोणच्याच्या काकड्यांपर्यंत गेला. मी आपला मान हलवतोय, काकड्यांना मीठ किती ते विचारतोय. भानावर आलो तेव्हा बूड काळं नव्हे, गायबच झालं होतं! उरलेला खांब रोवला, तर शेजारच्या खांबांच्या खांद्याला लागतोय, आणि वर बाईंच्या बाजूला कलतोय.

दुपारी बाईंनी झाकलेलं भांडं आणून दिलं. झाकण काढलं आणि ते तसंच परत ठेवलं. काळं सूप! बदकाच्या रक्ताचं! मागणी घालायला आलेल्याला ते वाढलं, की त्यानं टोपी उचलून निघायचं, हे आपल्या थोरल्या मामाला कळलं नव्हतं आणि त्यानं दोन ताटल्या ओरपल्या होत्या, मला मात्र कळलं. वाटलं, मी अजून तोंडही उघडलं नाही आणि या बाईनं नकार शिजवून पाठवला. मी भांडं धुऊन त्यांच्या पायरीवर ठेवलं आणि आठवडाभर कुंपणाकडे फिरकलो नाही. जेवण गोड लागेना, ताई.

शेवटी रविवारी कोंबड्यांना दाणे टाकायला तिकडे गेलो, तर बाई त्या आखूड खांबावर कोपरं टेकून उभ्या. (अख्ख्या कुंपणात माणसाला माणूस दिसतं ते तेवढ्याच जागेतून.)

"काय हो, सूप खारट झालं होतं का?"

"खारट नाही. काळं होतं."

"अहो, बदक कापलं तर रक्त काय गटारात ओतू? आणि नकार द्यायला आधी कुणी काही विचारावं लागतं. तुम्ही काय विचारलंत मला? काकड्यांना मीठ किती, एवढंच ना?"

मी कोंबड्यांना हाक मारली. त्या पायाशीच होत्या.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
सेवेरिन

ता. क. ओळंबा नको. खांब कलतोय तो बऱ्या बाजूला कलतोय. त्याऐवजी पुढच्या रविवारी तूच ये, रीतीप्रमाणे दारूची बाटली घेऊन. ती लुद्विकाबाईंच्या टेबलावर ठेव आणि माझ्या वतीनं लग्नाचं विचार. त्यांनी पेले काढले, म्हणजेच होकार दिला, तर मी कुंपणापाशीच उभा असेन. माझी जीभ ऐनवेळी टाळ्याला चिकटते.

पुन्हा ता. क. लुद्विकाबाई बाजारात निघाल्यात, पत्र पोस्टात त्याच टाकतील. पाकीट उघडंच देतोय. डिंक संपला, असं त्यांना सांगितलंय. डिंकाची बाटली काठोकाठ भरलेली आहे.