अष्टमीची अमावास्या करणेबाबत

मी, गोवर्धन हिरू मढवी, वय वर्षे एकसष्ट, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार पावणे, तालुका ठाणे, गावदेवीला स्मरून लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. बायकोचे चाळीस वर्षांचे आहे, ते धरू नये.

१. राहते घर, अंगणातल्या विहिरीसह, पत्नी भागीरथी हिला. तिला कोणी "उठा" म्हणू नये.

२. पुतण्या कमळाकर यास माझे कपाट आणि कलम तीनमधले काम. सायकल मागू नये, ती नामा पोस्टमनला कबूल केली आहे.

३. माझी कादंबरी 'भरतीची तोफ' १९५३ साली निघाली. आपले लोक होड्यांतून येऊन खाडीकाठची फिरंग्यांची गढी घेतात, ती गोष्ट. सहा आवृत्त्या! शाळेत धडा लागला. पोरे मिठागराच्या बांधावर गढी-गढी खेळतात! पण गोष्ट माझी नव्हे, वाशीच्या चंद्राबाई कोळणीची. आमच्याकडे बोंबील घेऊन यायची, पाटी उतरवून ओटीवर बसायची आणि आजीकडून ऐकलेली ती लढाई अशी सांगायची की आत भागीरथीचा भात करपायचा.

तिने सांगितले होते, होड्या अमावास्येला मध्यरात्री शिरल्या. मला अर्धा चंद्र हवा होता, म्हणून मी अष्टमी घातली. अतिशहाणा! अष्टमीला भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे पाणी, उधाण नाही. मध्यरात्री तर खाडीत नुसता चिखल. वाशीच्या देवळात पुस्तक वाचले गेले. प्रस्तावनेत गोष्ट सांगणारी म्हणून चंद्राबाईचे नाव होते, तेव्हा अख्खा कोळीवाडा तिलाच हसला. "कोलीन हाय न भांग कलत नाय?"

दुसऱ्या दिवशी ती दारातूनच म्हणाली, "मास्तर, होरी तुमी चिखलान घातली न नाव माजं घेतलं." त्यानंतर बारा वर्षे शेजारी मासळी दिली, आमची पायरी चढली नाही. मला फार लागले. चूक माझीच होती.

म्हणून सातव्या आवृत्तीत अष्टमीची अमावास्या करावी. प्रकाशक म्हणतील, वाचकांना चंद्र आवडतो. आवडू दे! प्रस्तावनेत छापावे: "चूक लेखकाची. चंद्राबाईंनी बरोबरच सांगितले होते." कमळाकरने कुचराई केल्यास कपाटही नामाला.

~~४. कादंबरीचे सर्व हक्क चंद्राबाईला.~~

कलम चार मीच खोडले, शेजारी सही आहे. कारण असे. काल निरोप धाडला आणि आज ती आली! ओटीवर बसली! कलम तीन तिने दोनदा वाचून घेतले. चार वाचून दाखवल्यावर तिने साक्षीला अंगठा पुढे केला, तर कागद करायला आलेले ठाण्याचे वकील म्हणाले, "बाई, साक्ष दिलीत तर हक्क जातील. साक्षीदार दुसरा बघू."

"हक्क नको मना. मी साक्षीलाच बसतंय. पानी कवा भरलं ता मना ठावं हाय."

"चंद्राबाई, विचार करा," मी म्हटले. "पुस्तक खपतंय."

"मास्तर, शाई आना."

तेव्हा हक्क भागीरथीला. ती म्हणत होती, आज अमावास्या, कागद उद्या करा. चंद्राबाईने ऐकले नाही.

लिहून देणार: गोवर्धन हिरू मढवी

साक्षीदार:
धर्मराज कान्हा भोईर, दुकानदार, रबाळे. सही.
चंद्राबाई दादू कोळी, मासळीविक्री, वाशी. अंगठा.

पावणे, ता. २१ जानेवारी १९६६, पौष अमावास्या. वेळ दुपारची, भर उधाणाची. ही वेळ चंद्राबाईने सांगितली, तशीच लिहिली.