टिलीची टोपली

मार्लीस,

गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. कॉलेजच्या टीमची मॅच बघायला निघालोय, संध्याकाळपर्यंत येतो. बूनची लाल जर्सी कितीही वास आला तरी धुऊ नकोस. टीम जिंकत असताना धुवायची नसते. टीव्हीवर दुसरा हाफ सुरू झाला की टिलीला कपड्यांच्या टोपलीत बसव. ती टोपलीत असताना आपण एकदाही हरलेलो नाही. हसू नकोस.

दोन दिवसांपासून ती सोफ्याचा आधार सोडून उभी राहतेय. बून तिच्याएवढा असताना त्याने पहिलं पाऊल मी मॅचहून आल्यावरच टाकलं, असं तू सांगितलं होतंस. ते खोटं होतं, हे मला तेव्हाच कळलं होतं. टिली आज चाललीच, तर तसंच खोटं सांग.

डेल