नाव मागे दुमडून

सोमवार, ४ मार्च

आजचं रत्न माझं! "युवर बेड वॉज व्हेरी कम्फर्टेबल. फादर एक्सपायर्ड इन इट विथ फुल सॅटिस्फॅक्शन. काइंडली टेक बॅक." मी अगदी त्या गिऱ्हाइकाच्या आवाजात वाचलं. हसता हसता अकाउंटंटच्या नाकातून चहा आला. आजाऱ्यांचे पलंग भाड्याने देणाऱ्या कंपनीला पत्रं तरी दुसरी कसली येणार!

चहाच्या खोलीतली अशा रत्नांची भिंत आता अर्धी भरली. नियम एकच, आणि तोही मीच घातलेला: टाचण्याआधी नाव मागे दुमडायचं. म्हणजे आपण माणसाला हसत नाही, फक्त चुकीला हसतो. साहेबांना हे फार पटलं होतं. "मास्तरीणबाई, तुमच्यात सभ्यता आहे हं," म्हणाले होते. आज मात्र दारातून डोकावून कुरकुरले, "जरा हळू हसा. बाहेर बाकावर माणसं बसतात, मधे नुसतं प्लायवूड आहे."

घरी येताना एकदाच मनात आलं, तो बाप खरंच गेला असेल. मग भाजी घ्यायची होती, विसरले.

मंगळवार, ५ मार्च

फ्रिजवर नवऱ्याने सामानाची चिठ्ठी लावली होती. सहा शब्दांत तीन चुका! मी लाल पेनाने गोल केले. याने बघितलं, आणि सगळं सामान मात्र बरोबर आणलं.

जेवताना सांगितलं, आमचा गोदामवाला सोडून चाललाय. बोलायला काहीतरी म्हणून सांगितलं एवढंच. याचा छापखाना बंद पडून हा घरी बसल्यापासून जेवताना विषय शोधावे लागतात. याने विचारलं, "कसं घेतात तुमच्याकडे माणसं?" मी म्हटलं, साहेबांचं खूळ आहे, स्वतःच्या हाताने इंग्रजीत अर्ज लिहून बाहेरच्या पेटीत टाकायचा. अक्षरावरून म्हणे माणूस कळतो! यावर आम्ही दोघंही हसलो.

शुक्रवार, ८ मार्च

लिहायला बसले, पण हात चालत नाही.

गोदामाच्या जागेसाठी आलेले अर्ज अकाउंटंटनेच चाळले होते. शुक्रवारी दुपारी सगळे चहाला जमतो. आज तर रिसेप्शनवरचीही टेबल सोडून आत आली, "मास्तरीण वाचणार ना?" अकाउंटंटने एक कागद माझ्या हातात दिला. नाव आधीच मागे दुमडलेलं. "हे वाच. याच्यापुढे तुझं पलंगाचं पत्र काहीच नाही!"

मी अक्षर बघितलं.

उजवीकडे कललेलं. प्रत्येक ओळ शेवटाला जरा वर चढते. हे अक्षर मी रोज बघते. फ्रिजवर बघते. लग्नाआधी सात-आठ पत्रांत बघितलंय, ती पत्रं अजून कपाटात आहेत.

आता खरं लिहायचं. मला ओळखायला वेळ लागला नाही. वाचायला सुरुवात करण्याआधीच ओळखलं. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि 'नको, हा नको' म्हणण्याएवढा वेळ माझ्याकडे नक्की होता. म्हणाले असते, घसा बसलाय. काहीही म्हणता आलं असतं.

मी वाचलं. आवाज काढून वाचलं!

"रिस्पेक्टेड सर, मायसेल्फ इज हार्डली वर्किंग मॅन." इथे पहिला हशा. "आय वर्क्ड नाइन्टीन इयर्स इन प्रिंटिंग प्रेस, नॉट वन पेपर इज मिसिंग फ्रॉम माय हँड." मग, "माय वाइफ इज व्हेरी प्राउड पर्सन. गिव्ह मी जॉब, आय विल मेक हर मोअर प्राउडर." इथे रिसेप्शनवरचीने टेबलावर हात आपटला. साहेब डोळे पुसत म्हणाले, "मोअर प्राउडर! बिचारी ती बायको!"

मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने बहुतेक मीच.

अकाउंटंटने चारी कोपऱ्यांना टाचण्या मारल्या. अर्ज भिंतीवर. साहेबांचा दंडक सगळ्यांना ठाऊक आहे: भिंतीवर गेला तो गेला, त्याला बोलावणं नाही. "ज्याच्यावर आपण हसलो त्याला समोर बसवून गंभीर चेहरा कसा ठेवायचा?" म्हणतात.

ऑफिसात माझं माहेरचं आडनाव चालतं. कुणाला काही कळलं नाही. कुणाला कळणारही नाही. आणि लाज वाटायची सोडून आधी मला याचंच बरं वाटलं!

घरी आले तर हा नव्हता. अंधार पडता पडता आला. "कुठे गेला होतास?" "असाच, पाय मोकळे करायला." भूक नाही म्हणाला. माझं ताट मात्र वाढून दिलं.

शनिवार, ९ मार्च

माझी मलाच शिसारी आली आहे. बाकी काही नाही.

रविवार, १० मार्च

सकाळपासून हा इस्त्रीची वायर दुरुस्त करतोय. मी दोनदा चहा केला, दोन्ही वेळा शब्द ओठांपर्यंत आले नि चहाबरोबर गिळले. शेवटी आडून विचारलं, "कुठे अर्ज वगैरे केलायस का?"

"केलाय एके ठिकाणी. होईलसं वाटत नाही."

"का?"

"इंग्रजीत लिहायचा होता."

"मग मला दाखवायचास ना! घरात माणूस असताना—"

तो स्क्रू पिळत होता. मान वर न करता म्हणाला, "तू लाल पेन घेतेस गं."

रागाने नाही. उन्हात जाऊ नको म्हणावं तसं सहज. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

मागे याच्या बहिणीच्या मुलीच्या वाढदिवसाला याने घरच्या ग्रुपवर इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या. किती वेळ खपून! मी खाली तिथेच, सगळ्यांसमोर, दुरुस्त्या टाकल्या. वर हसरं तोंड. नणंदेने लिहिलं, "वहिनी म्हणजे परीक्षकच!" तेव्हापासून हा ग्रुपवर काही लिहीत नाही. नुसता अंगठा पाठवतो. मला वाटायचं, आळशी आहे.

मला तरी हे इंग्रजी कुणी ताटात वाढलं होतं? कॉलेजात पहिल्या दिवशी 'मायसेल्फ' म्हणूनच उभी राहिले होते. वर्ग हसला तेव्हा मानेपर्यंत तापले होते. नंतर रात्रंदिवस घोकून शिकले, ते काय यासाठी? हसणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसायला?

सोमवार, ११ मार्च

भिंतीवरचा अर्ज आज काढणार होते. खरंच. चहाच्या खोलीत एकटी होते, हात वर केला तेवढ्यात अकाउंटंट आला. "काय गं, पुन्हा वाचतेस? महिन्याचं रत्न हेच ठरणार बघ!" मी म्हटलं, "हो ना!" आणि कोपऱ्यातली टाचणी आणखी घट्ट दाबली. वाकडी झाली होती म्हणून!

किती भित्री असावी एखादी बाई.

मंगळवार, १२ मार्च

काढला. सगळे जेवायला बसले तेव्हा उठले, हात धुवायचं निमित्त करून. चार टाचण्या खिशात. दुमडलेला भाग उलगडला तर याचं नाव, खाली आमचा पत्ता, आणि त्याखाली पेन्सिलने काहीतरी लिहून खोडलेलं. उजेडाकडे धरून बघितलं. माझं नाव होतं. माझी पत्नी इथेच काम करते, असं लिहायला घेतलं असणार. मग खोडलं.

कागद साहेबांच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवला. चार भोकं तेवढी राहिली. त्याला काय करणार!

बुधवार, १३ मार्च

साहेबांनी भोकं बघितलीच.

"अरे, हा तर भिंतीवरचा! गठ्ठ्यात कसा आला?" कागद वर धरून सगळ्यांना दाखवला. भोकांतून पलीकडचा दिवा दिसत होता. अकाउंटंट म्हणाला, "पळून आला असेल, हार्डली वर्किंग ना!" पुन्हा हशा.

मी उभी राहिले. म्हणणार होते: साहेब, हा माझा नवरा. तीनच शब्द, आणि ते मराठीत. त्यांत चूक व्हायचीही भीती नव्हती.

तोंडातून आलं ते असं: "साहेब, भिंतीवरून मी काढला. गोदामात इंग्रजी कुणाशी बोलायचंय? पलंगांशी? एकोणीस वर्षं एका जागी टिकलेला माणूस आहे. बोलावून तर बघा."

साहेबांनी कागद खाली ठेवला. "मास्तरीणबाईच वशिला लावतायत! दंडक मोडायला लावणार तुम्ही." मग हसले. "बरं. पण मुलाखतीत मला हसू आलं तर जबाबदार तुम्ही."

सगळ्यांना वाटलं, किती मोठ्या मनाची! रिसेप्शनवरची तर म्हणाली, "तुमचं असंच असतं, आतून मऊ." मी ते ऐकून घेतलं. नवऱ्याला परका म्हणून पुढे ढकललं आणि वर शाबासकी घेतली.

गुरुवार, १४ मार्च

फोन आला. उद्या अकराला मुलाखत.

याने फोन ठेवला आणि म्हणाला, "तुझ्याच ऑफिसातून होता. तिथेच केला होता अर्ज."

मी म्हटलं, "अय्या! खरंच? आणि मला बोललाही नाहीस!" डोळेसुद्धा मोठे केले. आवाज काढून वाचायची सवय, दुसरं काय. हा म्हणाला, "हो ना. राहूनच गेलं."

त्याचा निळा शर्ट काढला, त्यानेच दुरुस्त केलेल्या इस्त्रीने कडक केला. 'हार्डली' म्हणू नकोस रे, हे सांगायला जीभ शिवशिवत होती. पण ते मला ठाऊक कसं? म्हणजे लाल पेन एकदाचं उपयोगी पडलं असतं ते याच दिवशी, आणि आजच उघडता येत नाही!

म्हटलं, "मी असेन तिथे. घाबरू नकोस." तो म्हणाला, "घाबरत नाही."

उद्या तो दारातून आला की मी सगळ्यांसमोर उठणार आणि सांगणार. ठरलं. इथे लिहून ठेवते म्हणजे पळता येणार नाही.

शुक्रवार, १५ मार्च, सकाळ

ऑफिसात कळवलं, डोकं दुखतंय, आज येत नाही. याला सांगितलं, डॉक्टरकडे जाऊन येते. तो म्हणाला, "सोबत येऊ? मुलाखत काय, होईल." म्हणजे माझ्या खोट्या डोकेदुखीसाठी तो ती सोडायला तयार होता! मी त्याला ढकलून पाठवलं. बसस्टॉपवरच्या बाकावर तासभर बसून परत आले.

शुक्रवार, १५ मार्च, संध्याकाळ

आला. बूट काढता काढता म्हणाला, "झालं काम. सोमवारपासून ये म्हणाले."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, "बघ! मी म्हणत नव्हते? खूप वेळ बसवलं का रे?"

"नाही फार. त्याच बाकावर बसलो होतो."

"त्याच म्हणजे?"

"मागच्या शुक्रवारी बसलो होतो तो. अर्जाचं काय झालं विचारायला आलो होतो. टेबलावर कुणी नव्हतं." बूट जोडीने भिंतीशी लावले. "आत तू वाचत होतीस."

तो उठला, माझ्या कपाळाला हात लावून बघितला. डोकेदुखीचं विचारलं. मग म्हणाला,

"सोमवारी तिथे तुला ओळख दाखवायची की नाही, तेवढं सांगून ठेव."

शनिवार, १६ मार्च

मी अजून सांगितलेलं नाही.