दुसऱ्या खोलीतला आवाज

प्रिय खारुताई,

तुझ्या आईच्या कानातली यंत्रं आता ठीक चालू आहेत, हे आधी सांगून टाकतो. मधे त्यांनी फार पिडलं. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी 'सगळं ठीक' म्हणालो, कारण फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. अर्ध्यातच 'बाबा, बंद करून परत चालू करा' म्हणतेस. ते मी केलं होतं गं. बंद करून परत चालू करण्यातच माझी उभी हयात गेली. लिफ्टच्या नोकरीत दुसरं काय होतं? लोकांना वर न्यायचं, खाली आणायचं आणि मधे अडकले की बंद करून चालू करायचं. म्हणून म्हटलं, या वेळी लिहावं. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

झालं असं, की एका सकाळी तिच्या फोनने स्वतःच्या मनानेच नवीन अपडेट घेतलं. कुणी मागितलं नव्हतं. तेव्हापासून जुळ्यांचं बिनसलं. (ती दोन यंत्रांना 'जुळी' म्हणते, हे तुला ठाऊक आहेच. डबीत चार्जिंगला ठेवली की 'झोपली का जुळी?' असं मलाच विचारते.) डावं मधेच गप्प व्हायचं. उजव्यात फोनवर आलेल्या प्रत्येक निरोपाची घंटा वाजायची आणि ती दचकायची. एकदा शेजारीण जिन्यात तिच्याशी बोलत असताना हिच्या कानात हवामानाचा अंदाज सुरू झाला. ही आपली 'उद्या ऊन आहे' म्हणून मोकळी. शेजारणीने माझ्या गुडघ्याचं विचारलं होतं.

मी डबी पुसली, जाळीतला मळ बारीक ब्रशने काढला, जोडणी तोडून पुन्हा जोडली. दुकानातला माणूस म्हणाला, यंत्रात काही दोष नाही, फोनचा आहे. फोनच्या दुकानातला म्हणाला, फोन उत्तम आहे, यंत्राचा असेल. दोघांचंही बोलणं इतकं गोड होतं, की मी दोघांनाही धन्यवाद देऊन घरी आलो.

दरम्यान तुझ्या आईने मला कामाला लावलं. कपड्यांच्या मशीनवर कुठलं बटण कधी दाबायचं ते दाखवायला तिने नखांच्या लाल रंगाचे ठिपके दिले. एक ठिपका रोजच्या कपड्यांना, दोन चादरींना. विजेचं बिल फोनवरून भरायला शिकवलं. मी करत असताना ती हात मागे बांधून उभी राहते. मी चुकलो तरी बोट लावत नाही. म्हणते, 'माझा हात लागला की तुम्ही शिकणार नाही.' परवा तर कपाटातल्या उबदार कपड्यांचे गठ्ठे खालच्या फळीवर आणले, माझा हात पोचेल असे. मला वाटलं, रिकामा वेळ खायला उठतोय, म्हणून चाललंय. मी ठिपके दाबत राहिलो.

ती थकते. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबते आणि खिडकीतून खाली काहीतरी बघितल्यासारखं करते. तिथून फक्त सायकलींचं छप्पर दिसतं. 'ताकदीच्या' गोळ्या वेळेवर घेते. कसल्या आहेत म्हणून एकदाही विचारलं नाही. जी बाई भाजीवाल्याला एका टोमॅटोची जन्मकुंडली विचारते, तिने गोळ्यांचं विचारू नये, हे माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात आलं आणि मी ते तसंच सोडलं.

आमच्या पेपरात दर रविवारी एक सदर येतं. कुणीतरी घरातल्या यंत्रांच्या तक्रारींना उत्तरं देतो. आम्ही त्याला 'यंत्रवाला' म्हणतो. लोक काय काय विचारतात! वाय-फाय स्वयंपाकघरात पोचत नाही. उत्तर, राउटर माशांच्या टाकीमागून काढा. टीव्ही आपोआप बंद होतो. उत्तर, रिमोटवर कुणी बसतंय का बघा. सकाळी चहा घेताना तुझी आई प्रश्न वाचायची आणि मी उत्तरं. या रविवारी ती अजून उठली नव्हती, म्हणून दोन्ही मीच वाचलं.

त्यात आपलीच तक्रार होती. कुणा बाईंनी लिहिलं होतं, की नव्या अपडेटनंतर सासऱ्यांच्या कानातल्या यंत्रात भलतेच आवाज येतात. यंत्रवाल्याने समजावलं होतं, की या फोनमध्ये एक सोय असते. फोन समोरच्या माणसाजवळ ठेवायचा, म्हणजे त्याचं बोलणं फोन उचलतो आणि थेट आपल्या कानातल्या यंत्रात पोचवतो. गर्दीत किंवा वर्गात उपयोगी पडते. अपडेटनंतर ही सोय पुष्कळांच्या फोनवर आपोआप चालू राहिली आहे. पुढे लिहिलं होतं, की फोन एका खोलीत आणि माणूस दुसऱ्या खोलीत असला, तरी फोनजवळचं बोलणं त्या माणसाला स्वच्छ ऐकू येतं, तेव्हा घरच्यांनी हे ध्यानात ठेवावं. खाली बंद कसं करायचं ते दिलं होतं.

मी करून बघितलं. तिचा फोन दिवाणखान्यात टेबलावर ठेवला, शेजारी रेडिओ बारीक आवाजात लावला. एक यंत्र डबीतून काढून कानाशी धरलं आणि मागच्या गॅलरीत गेलो, जिथे कपडे वाळत घालतो तिथे. गॅलरीचं दार लावून घेतलं. बातम्या देणारी बाई माझ्या कानात बोलत होती. श्वास घेते तोसुद्धा ऐकू येत होता.

अपडेटनंतर थोड्याच दिवसांनी तू आली होतीस, तेव्हा हा फोन त्याच टेबलावर चार्जिंगला होता. तुझ्या चहाच्या कपाला टेकून. तूच तो बाजूला सरकवलास आणि डॉक्टरांचे कागद पसरलेस. तुझी आई मागे कपडे वाळत घालत होती. आपण किती हळू बोललो! गाठ आहे, शस्त्रक्रिया केली तर तिचं हृदय ते सोसेल का याची खात्री नाही, न केली तर गोळ्यांवर काही महिने बरे जातील. तू म्हणालीस, 'नको बाबा, चिरफाड नको. आईला कळूच द्यायचं नाही, तिला झेपणार नाही.' मी म्हणालो, 'बरं.' एवढंच म्हणालो. लिफ्ट अडकली की आधी आतल्या माणसाशी बोलायचं आणि मगच यंत्राला हात लावायचा, हे मी कित्येक पोरांना शिकवलं. त्या दिवशी ते डोक्यातही आलं नाही. मग ती रिकामी बादली घेऊन आली आणि म्हणाली, 'वारा पडलाय, आज काही वाळत नाहीत.' आणि तुला आणखी चहा हवा का विचारलं.

गॅलरीत उभं राहून मला हे सगळं आठवलं, आणि खरं सांगतो, काही वाटलं नाही. पायाला मुंग्या आल्या की आपण पाय आपटतो आणि तो आपला नसल्यासारखा वाटतो, तसं. मी आत आलो, रेडिओ बंद केला, दूध तापत ठेवलं. ते उतू गेलं. ओटा पुसला.

ती उठून आली तेव्हा मी यंत्रवाल्याने सांगितल्याप्रमाणे ती सोय बंद करत होतो. तिने जुळी कानात घातली आणि फोनकडे बघितलं.

'बंद केलंत का ते?'

'हो.'

'बरं केलंत. उगाच खरखर यायची.'

म्हणजे तिला माहीत होतं. मी विचारलं, 'खार आली होती तेव्हा चालू होतं?' ती वाळलेल्या कपड्यांतून माझे मोजे जोडीने लावत होती. हात थांबला नाही.

'होतं.'

'मग?'

'मग काय? कपडे वाळत घातले.'

'सगळं ऐकलंस?'

'त्या दुसऱ्या डॉक्टरचं नाव नीट कळलं नाही. बाकी सगळं.'

मी म्हटलं, अगं मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, 'तुम्ही दोघं इतकं जपून बोलत होतात. म्हटलं, कशाला मोडा.' तुला माहीत आहे, लग्नाआधीपासून ती त्या मोठ्या कचेरीच्या टेलिफोन स्विचबोर्डवर होती, फोन जोडून द्यायला. साहेबांची भांडणं, कुणाची बदली, कुणाचं लफडं, सगळं तिच्या कानावरून जायचं आणि घरी कधी चकार शब्द आला नाही. मी खोदून विचारलं तर म्हणायची, 'ज्याचा फोन, त्याचं बोलणं.' त्याच सवयीने ती हेही गिळून बसली असावी. नंतर ती म्हणाली ते मात्र तुला जसंच्या तसं सांगतो. 'मी वाट बघत होते. म्हटलं, आज विचारतील, उद्या विचारतील. मला विचारलं असतंत तर मी करा म्हटलं असतं.'

मी मोजे उचलून कपाटात ठेवायला गेलो. उबदार कपड्यांच्या फळीवरच ठेवले. नंतर तिने ते योग्य जागी हलवले.

मंगळवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. आधी कळवलं नाही म्हणून तू रागावशील. रागाव. पुन्हा तपासणी झाली. गाठ थोडी वाढली आहे, पण अजून काढता येण्यासारखी आहे. डॉक्टर बोलताना सवयीने माझ्याकडेच बघत होते. तिने दोनदा ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, 'यांच्याकडे नका बघू. मला ऐकू येतं.' डॉक्टरांनी खुर्ची फिरवली. तिने विचारलं, 'मी उठेन का त्यातून?' ते म्हणाले, बहुतेक. 'बहुतेक म्हणजे?' तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. हृदयाचं, भुलीचं, वयाचं. गाठ काढूनही ती परत येऊ शकते तेही. काही आडपडदा ठेवला नाही. मी भिंतीवरच्या पोटाच्या चित्राकडे बघत होतो. त्यात सगळे अवयव वेगवेगळ्या रंगांचे होते, शाळेच्या नकाशासारखे. ती म्हणाली, 'करू या.' एखाद्या रंगाचं कापड पसंत केल्यासारखं म्हणाली. बाहेर आल्यावर मात्र बाकावर बराच वेळ बसली. माझा हात धरला नव्हता, पर्सचा पट्टा धरला होता. मी पर्सचं दुसरं टोक धरलं.

ती घाबरली आहे का ते मला सांगता येत नाही. मी घाबरलो आहे का तेही नाही. घरात आम्ही नीट वागतो. ती अजून मला ठिपके शिकवते. मी म्हटलं, आता कशाला, तू उठणारच आहेस. तर म्हणाली, 'उठले तरी कपडे तुम्हीच धुवायचे आहेत.'

आता मुद्द्याचं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी तिला दाखल करायचं आहे. निर्णय तिचा आहे आणि तो झाला आहे, तेव्हा तू मला पटवायला येऊ नकोस. पण ये. शस्त्रक्रियेच्या खोलीत कानातली यंत्रं काढून ठेवायला लावतात आणि पूर्ण शुद्ध येईपर्यंत परत घालू देत नाहीत. म्हणजे डोळे उघडतील तेव्हा तिला काहीच ऐकू येणार नाही. ओठांवरून तिला फक्त तुझं बोलणं कळतं, लहानपणी मला कळू नये म्हणून तू तिच्याशी नुसते ओठ हलवून बोलायचीस त्यामुळे असेल. माझं मिशीमुळे कळत नाही. मी म्हटलं, काढून टाकतो. तर म्हणाली, 'नको, डोळे उघडल्यावर कोण परका माणूस बसलाय म्हणून घाबरेन. मुलीला बोलवा. झालं का, कसं झालं, सगळं खरं खरं तिनेच सांगायचं.' तिने कालपासून हे तीनदा सांगितलं, म्हणून लिहायला बसलो. तू तिच्या उशाशी बस. मी पायाशी बसेन.

तुझाच,
बाबा